बारमाही हिरवं

फोटो पडद्यावर उघडला तेव्हा तिने तो ओळखला नाही. चांगली पाच-सात मिनिटं ओळखला नाही. पुढे तिला डाचत राहिलं ते हेच, की हाताने आधी काम उरकलं आणि डोळ्यांनी मागाहून पाहिलं. छापखान्याच्या मागच्या अंगाला ही खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, भिंतींना मुद्दाम राखाडी रंग, कारण रंग पारखणाऱ्याच्या डोळ्यांत बाहेरचा उजेड लुडबुडता कामा नये. या खोलीत बसून तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे तिला घरी जाताना कळायचं. साबणाच्या वड्या, बाळसेदार बाळं, पुढाऱ्यांचे चेहरे, डोंगर, समुद्र, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं, आणि सगळ्यांना तिने होतं त्याहून थोडं बरं करून सोडलं होतं. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "रंगाचं टेन्शन घेऊ नका, आमच्या बाई बसल्यात." हे ऐकून तिला बरं वाटायचं. का नाही वाटणार? माणसाला कशात तरी नाव हवं असतं.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे सहलींचा धंदा करणाऱ्या एका कंपनीचा तरुण माणूस. त्याच्या शर्टाच्या बाह्यांना इतकी कडक घडी असायची की छापखान्यातल्या मुलींनी पहिल्याच फेरीत त्याचं नाव 'इस्त्री' ठेवून टाकलं होतं. तसा वाईट नव्हता. ताई-ताई करत बोलायचा, खुर्ची दिली तरी उभाच राहायचा. तिच्या खांद्यामागे उभा राहून तो म्हणाला, "गवत फार पिवळं दिसतंय हो, ताई. वाळून गेल्यासारखं. लोकांना वाटायचं इथे दुष्काळ पडलाय. जरा हिरवं करा की. आमची ओळच आहे, 'बारमाही हिरवं'." ती "बरं" म्हणाली. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पिवळं तर तिथे आयतं होतं. किरमिजी खाली उतरवला, निळा हळूहळू चढवला, आणि उताराच्या तळापासून वरपर्यंत सगळं गवत हिरवं होत गेलं. "वा!" इस्त्री म्हणाला. मालक दारातून डोकावले, तेही "वा" म्हणाले. आणि तिलाही आतून छान वाटलं. हे विसरून चालणार नाही. तिलाही छानच वाटलं.

"आता तो काळा दगड तेवढा काढा," इस्त्री म्हणाला. "उगीच डोळ्यात येतो." दगड काढण्यासाठी तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मग तिला दगडाच्या मधोमध एक खोलगट खाच दिसली, गुळगुळीत, एका बाजूला कललेली. विळ्यांना धार लावून लावून पडलेली खाच. कललेली का, तर आई डावखुरी होती.  तिच्या तोंडातून शब्द आला तो इतका लहान मुलीसारखा, की तिचा तिलाच परका वाटला. "अगंबाई, हे तर आमचं कुरण!"

इस्त्रीला एवढा आनंद झाला की त्याने पहिल्यांदाच खुर्ची ओढली आणि बसला. "म्हणजे तुम्हीच का त्या बहीणबाई? अहो, आज तुमचीच चौकशी करणार होतो! तुमच्या दादांनीच पत्ता दिला. म्हणाले, माझी बहीण रंगाचं काम करते, छापायचं असेल तर तिथंच छापा, आणि तिलाच विचारा. तिचं नाव आहे जमिनीवर, ती काय म्हणते ते बघा." पिशवीतून त्याने कागद काढले. कुरण लांब मुदतीच्या भाड्याने घ्यायचं होतं. बांधकाम एका विटेचंही नाही, कारण तो सगळा पट्टा सरकारने हिरवा राखायचा म्हणून ठरवलेला. आणि कंपनीला तेच तर हवं होतं. "हिरवं राखायचं हाच तर आमचा धंदा, ताई," तो म्हणाला. आत्ताचं गवत मुळासकट काढून तिथे मऊ हिरवळ अंथरायची, झऱ्यावर पंप बसवायचा, रोज पाणी मारायचं. तंबू, झोके, मुलांना लोळायला जागा. बारा महिने हिरवंगार. दादांची ना नाही, तिची सही झाली की झालं.

"उद्या सांगते," ती म्हणाली. इस्त्री "चालेल, चालेल" म्हणत गेला. पडद्यावर कुरण हिरवं होऊन बसलं होतं. तिने बदल मागे घेतले, पिवळं केलं. पुन्हा पुढे घेतले, हिरवं केलं. पिवळं, हिरवं, पिवळं. बाजूच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "बाई, काय खेळताय?" ती म्हणाली, "काही नाही गं."  पण पुन्हापुन्हा पाहूनही तिला आपलं वाटत होतं ते हिरवं. खरं होतं ते पिवळं, आत्ता या आठवड्यात तिथे जाऊन उभं राहिलं असतं तर दिसलं असतं ते पिवळं, आणि तिला मात्र माहेरच्या अंगणात उभं राहिल्यासारखं वाटत होतं ते या दहा मिनिटांपूर्वी स्वतःच चढवलेल्या निळ्यामुळे. असं कसं होईल, तिने स्वतःला विचारलं. कुरणाला लागून घर, कुरणातच वाढलो, गुडघे तिथेच फोडून घेतले. मग पिवळं कुठे गेलं? मग तिला एकेक लक्षात यायला लागलं. शिकायला म्हणून शहरात आली तेव्हापासून ती घरी जायची ती पावसाळा सरता सरता. सुट्टी तेव्हाच टाकायची, कारण तेव्हा 'छान असतं'. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन गेली तीही तेव्हाच, मुलगी लहान असताना तिला गवतात बसवून फोटो काढले तेही तेव्हाच. बाकीचे महिने तिथे कुणी राहतं, सकाळी उठतं, त्या उताराकडे बघतं, हे तिला माहीत होतं, पण जसं बंद दुकानात सामान असतं हे आपल्याला माहीत असतं तसं. दादा त्या महिन्यांत राहायचा. पिवळं दादाच्या वाटणीला गेलं होतं आणि हिरवं तिच्या, आणि या वाटणीबद्दल दोघं कधी एका शब्दाने बोलले नव्हते.

आई गवत वाळलं असं कधी म्हणायची नाही. "पिकलं बघ," म्हणायची. हे तिला त्या राखाडी खोलीत बसून आठवलं, आणि आठवलं म्हणून राग आला, की एवढ्या वर्षांत का नाही आठवलं. पिकलं तरी लगेच विळा लावायचा नाही. बी गळू द्यायचं. वारा सुटला की उतारावरून बारीक सळसळ चालायची, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणायची, पडतंय, पडू दे. जमिनीशी लपलेली जांभळी फुलं असायची, टाचणीच्या टोकाएवढी, त्यांचंही बी तेव्हाच. गवतात घरटी करणारी पाखरं उडून गेलेली असायची. मग कापणी, मग उरलेल्यावर गाई. मग उघडी, खरबरीत, तपकिरी जमीन, आणि तिच्याकडे महिनोन् महिने कुणी ढुंकून बघायचं नाही. आई गेल्यावर दादाने तेच चालू ठेवलं. आजूबाजूच्यांनी हळूहळू सोडलं. शहर पूर्वी दिवसभराच्या अंतरावर होतं, नवा रस्ता झाला आणि ते तासाभरावर आलं. एकाने कुरणावर खडी टाकून गाड्या लावायला जागा केली. दुसऱ्याने लाकडी घरं बांधली आणि त्यांना फुलांची नावं दिली. मग सरकार जागं झालं आणि उरलेलं हिरवं राखा म्हणून पाटी लावून गेलं. ती पाटी लागली तेव्हा तिने दादाला फोन करून अभिनंदन केलं होतं. दादा म्हणाला होता, "हो, लावलीय खरी." तेव्हा तिला तो नुसता कमी बोलणारा वाटला होता. आज त्या "खरी"मध्ये काय काय होतं ते ती चाचपून बघू लागली.

आणि तिच्या हातांचं काय? रविवारी शहरातून गाड्या भरभरून निघतात त्या काय पाहून निघतात? भिंतींवरची चित्रं, दिनदर्शिका, सहलींची माहितीपत्रकं. त्यांतला हिरवा कुणी केला? एकदा वहिनी हसत सांगत होती, एक बाई गाडीतून उतरली आणि उताराकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "शी, हे एवढंच?" सगळे पोट धरून हसले होते, ती सर्वात जास्त. हसताना आपण आपल्याच कामाला हसतोय हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तसं तिने कुणाचं घर जाळलं नव्हतं. पोटासाठी काम केलं, चोख केलं. पण त्या दुपारी तिला आपल्या चोखपणाचीच किळस आली, आणि अशी किळस आली तरी तिने हातातलं काम पुरं केलं. दगड काढला. दगडाच्या जागी शेजारचं गवत आणून बसवलं, जोड कुठे दिसणार नाही असं.

संध्याकाळी घरी आली. नवरा शब्दकोड्यात डोकं घालून बसला होता. त्याला तिने सांगितलं. त्याने पेन्सिल कानाला लावली आणि म्हणाला, "दादांचं दादा बघतील. त्यांनी पाठवलंय म्हणजे त्यांच्या मनात आहे. तू मध्ये पडू नकोस." नवरा चुकीचं बोलत नाही, हीच त्याच्याशी बोलण्यातली अडचण होती. दादाच्या मनात नसतं तर त्याने पत्ता कशाला दिला असता? त्याला स्वतःहून विचारायचा संकोच वाटला असणार. तोंड उघडून काही मागितलेला माणूस नव्हे तो. बाबा गेले तेव्हा लोक म्हणत होते, बहिणीची सही घे, तिचं नाव कमी कर, पुढे कटकट नको. त्याने ऐकलं नाही. "असू दे तिचं नाव," एवढंच म्हणाला. तेव्हापासून तिच्या मनात दादासाठी एक कोपरा राखलेला होता, आणि त्या कोपऱ्यात ती स्वतः ऐटीत बसलेली असायची, हिस्सा कधी न मागणारी गुणी बहीण. दादाचा गुडघा दुखत होता. मुलगा शहरात नोकरीला लागला, तो काही विळा हातात घेणार नव्हता. कापणीला माणसं मिळेनात, मिळाली तर त्यांची मिजास. वहिनी रविवारी सहलवाल्यांना चहा-जेवण करून घालते आणि उरलेला आठवडा कंबर धरून असते. आणि आपण? आपण वर्षातून एकदा जायचं, छान छान म्हणायचं, डबे भरून आणायचे, आणि कुरण मात्र ठेव बरं का दादा, मोडू नकोस! कुणाच्या जिवावर? हा प्रश्न तिने स्वतःला एवढ्या जोरात विचारला की नवऱ्याने वर पाहिलं.

तिने फोन लावला. वहिनीने उचलला. "कोण, वन्सं? थांबा हं, इथंच बसलेत, देते."

"बोल, बारके," दादा म्हणाला. तिचे केस पांढरे झाले तरी तो तिला बारकेच म्हणायचा.

"गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

"तो माणूस आला होता."

"आला का? हं. मीच पत्ता दिला."

"म्हणाला तो."

 फोनमधून तिकडच्या भांड्यांचा आवाज येत होता. वहिनी काहीतरी आवरत होती, जवळच.

"मग?" दादा म्हणाला.

"मग काय? तू सांग."

"मी काय सांगू? तुझं नाव आहे. तू ठरव."

"असं कसं? राबतोस तू."

"राबतोय म्हणूनच म्हणतोय. माझा विचार करू नकोस. तुझ्या मनात येईल ते सांग त्याला. बिनधास्त सांग."

"बघ हं."

"बघतोय की," तो म्हणाला, आणि खोकला. "तू सांग फक्त."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी प्लास्टिकची हिरवी चटई अंथरून कुंड्या मांडत होतं. माझा विचार करू नकोस. माणूस असं कधी म्हणतो? आपण त्याचा विचार करावा असं फार वाटत असतं तेव्हाच ना? दादाचा आवाज थकलेला होता, शब्द ओढून आणल्यासारखे होते. बिचारा, तिला वाटलं. बहिणीपुढे हात पसरायची वेळ आली म्हणून कानकोंडा झालाय. मी नाही म्हटलं तर तो एका शब्दाने बोलायचा नाही, पुन्हा त्या गुडघ्याने उतारावर बसेल आणि एकेक मूठ कापत राहील, माझ्यासाठी, माझ्या वर्षातल्या चार दिवसांसाठी. तिला रडू आलं. ते कुरणासाठी आलं की दादासाठी, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण रडल्यावर तिचं मन पक्कं झालं. एकदा तरी आपण दादासाठी काही सोडू, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिने छापखान्याच्या काउंटरवर उभं राहून करारावर आणि नोंदणीला दादा जाईल या अधिकारपत्रावर सही केली. इस्त्रीने स्वतःचं पेन दिलं. मालकांनी पेढ्याची ऑर्डर द्यावी तसं "अरे, चहा सांगा रे" म्हणून ओरडून सांगितलं. तिला वाटलं होतं हात जड होईल. झाला नाही. तिथेच टेबलावर माहितीपत्रकाचा पहिला नमुना पडला होता, शाई अजून ओलसर. उतार हिरवागार, दगड नाही, आणि वर पांढऱ्या अक्षरांत ती ओळ. "ताई, तुमच्याच हातचं, तुमच्याच जमिनीचं," इस्त्री म्हणाला. त्याला ते फार गोड वाटत होतं. ती हसली. गिऱ्हाइकासमोर हसायची सवय होती तिला.

रविवारी ती बसने निघाली. नवरा येतो म्हणाला होता, तिने नको म्हटलं. नव्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती, बस मुंगीच्या पावलाने चालली होती. प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेत चेंडू, छत्र्या, उशा. पुढच्या सीटवरची लहान मुलगी सारखी विचारत होती, "आलं का? आलं का?" आणि तिची आई सांगत होती, "हिरवं दिसायला लागलं की आलं." हिरवं काही दिसेना. शेवटी मुलगी झोपून गेली. तिने स्वतःही काच पुसून बाहेर पाहिलं. डोंगर पिवळे, सोनेरी, कुठे तांबूस. शहरात गेल्यापासून या दिवसांत ती इथे कधी आलीच नव्हती, आणि हे इतकं सुंदर होतं की तिने काच पुन्हा पुसली. एवढी वर्षं आपण कशाला मुकलो, आणि मुकलो हे कळलं कधी, तर परवा सही केल्यावर.

फाटकापाशी हिरवळीच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. गुंडाळलेल्या चटयांसारख्या, खाली मातीचा पातळ थर, वर एकसारखे कापलेले हिरवे केस. कडेच्या गुंडाळ्या पिवळ्या पडू नयेत म्हणून कुणीतरी ओली पोती टाकली होती. दादा पायरीवर बसला होता. तिला पाहून उठला, उठताना भिंतीला हात लावला. "बारके, तू? कळवायचं तरी." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आलात? बरं झालं, बसा, मी आलेच." अंगणात तीन-चार टेबलांवर सहलवाले बसले होते. त्या सगळ्यांना ओलांडून ती सरळ कुरणात गेली, आणि दादा तिच्या मागोमाग, पाय ओढत.

गवत तिच्या कमरेला लागत होतं. वाऱ्याबरोबर बी गळत होतं, कपड्यांना कुसळं चिकटत होती. कुठेतरी एखादं पाखरू भुर्रकन उडालं आणि लगेच पुन्हा खाली बसलं. ती चालता चालता थांबली. सळसळ नुसती ऐकू येत नव्हती, ती चारी बाजूंनी अंगाला लागत होती. "यंदा कापलं नाहीस?" तिने विचारलं.

"कंपनीवाले नको म्हणाले. मुळासकटच काढायचंय. बुधवारी यंत्र येतंय."

"बी पडलंय की रे सगळं."

"पडलंय," दादा म्हणाला. "त्याला काय ठाऊक."

तो खाली बसला, एक पाय लांब करून. तीही बसली. बसल्यावर घर दिसेनासं झालं, सहलवाले दिसेनासे झाले, फक्त आवाज येत राहिले. लहानपणी दोघं असेच लपायचे. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "तुझी सुटका झाली हे बरं झालं, दादा. मला तेवढंच वाटत होतं. तुझ्या गुडघ्याची हाडं झिजवून आम्ही मजा बघायची, हे काही बरं नव्हे. तू संकोच करत होतास फोनवर, मला कळलं."

दादाने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्ता चुकलेल्या माणसाला आपण बघतो तसं, थोडं नवलाने. "संकोच? मी?"

"मग? पत्ता तूच दिलास. सही हवी म्हणूनच ना?"

"अगं वेडे," तो म्हणाला. गवताची एक काडी मोडून त्याने तिचं टोक बघितलं. बी नव्हतं त्याला. "तू नाही म्हणशील म्हणून पाठवला होता त्याला."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण तो बोलतच होता, हळू, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतोय. "वर्षभर मागे लागलाय तो. चांगला माणूस आहे, येताना काहीतरी घेऊन येतो, हिच्या पाठीची चौकशी करतो. मला नाही म्हणताच येत नाही गं कुणाला. तुला ठाऊक नाही का? हिची कंबर मोडलीय, पोरगा म्हणतो बाबा आता बस्स. कुणाच्या तोंडावर नाही म्हणू? मग म्हटलं, आपली बारकी आहे की. तिचं नाव आहे. ती म्हणेल. लहानपणी तू कुणाला जुमानलंस? मास्तरांना नाही म्हणालीस, आत्याला नाही म्हणालीस, स्थळ घेऊन आले त्यांना दारातून परत पाठवलंस, बाबा सुद्धा तुला टरकून असायचे. नाव काय हिश्शासाठी ठेवलं होतं होय मी? तुझा हिस्सा तू कधी मागणार नाहीस हे मला माहीत होतं. म्हटलं, एखाद्या दिवशी बारकीचा नकार लागेल आपल्याला. तो असू दे घरात."

"मग फोनवर का नाही बोललास?" ती जवळजवळ ओरडलीच.

"ही समोर बसली होती. आणि मी सांगून तू नाही म्हटलं असतंस, तर तो माझाच नकार झाला असता ना? हिला काय तोंड दाखवलं असतं? म्हटलं तर होतं, बिनधास्त सांग म्हणून. अजून काय म्हणायचं?"

"थांबवू आपण. मी आत्ता फोन करते त्याला."

"नोंदणी झाली," दादा म्हणाला. "तुझी सही झाली तसा शुक्रवारी दुपारीच गाडी घेऊन आला. म्हणाला, ताईंनी एका मिनिटात सही केली, हसत हसत. मग मी काय म्हणू? म्हटलं, तिला आता नको असेल हे. शहरात राहते, तिचं तिचं काही असेल. तिलाच नको असेल तर आपण तरी कुणासाठी धरून बसायचं? गेलो त्याच्याबरोबर."

  मास्तरांना, आत्याला, स्थळवाल्यांना नाही म्हणणारी ती मुलगी तिला आठवत होती, पण लांबून, दुसऱ्याच्या अल्बममधल्या फोटोसारखी. ती कुठल्या दिवशी गेली? कुठल्या गिऱ्हाइकाला "बरं" म्हणताना गेली? आणि ती मुलगी इथे अजून आहे, शाबूत आहे, वेळ आली की उठून उभी राहील, अशा भरवशावर हा माणूस एवढी वर्षं या उतारावर विळा चालवत होता. तिला ढसाढसा रडायला हवं होतं. रडू आलं नाही. दादाने तिच्या बाहीवरचं एक कुसळ काढलं, मग दुसरं काढलं. "ऊन लागेल. चल," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात वहिनी कप विसळत होती. दादा अंगणातच थांबला. वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला, तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कपांकडे वळली. बाईला सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे सांगता येत नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "मी नाही म्हटलं असतं तर?"

वहिनीचे हात थांबले. तिने खरंच विचार केला, उगीच तोंडदेखलं काही बोलली नाही. "तर? चिडले असते मी, वन्सं. खोटं कशाला बोलू? चार दिवस तुमचं नाव काढू दिलं नसतं घरात. ह्यांच्याशी पण अबोला धरला असता."

"आणि मग?"

"मग काय," वहिनी कप पुसत म्हणाली. "मग बघितली असती माणसं, कापणीला."

बाहेर एक गाडी येऊन थांबली होती. कुणीतरी काच खाली करून विचारत होतं, काका, गाडी लावायला जागा मिळेल का इथे, आतमध्ये, त्या गवतात? ती कप हातात धरून ऐकत राहिली. "आहे, आहे," दादा म्हणत होता. "या की. या."